डोंगर धक्क्याधक्क्याने वाढतो: हिमालयाखालचे जागे भ्रंश

कातळवेडा | शनिवार, रात्री ९:१०

शाळेत आपण सगळ्यांनी लिहिलेलं उत्तर: भारतीय भूपट्ट आशियाच्या भूपट्टाला धडकला, मधल्या टेथिस समुद्राचा गाळ दुमडला आणि हिमालय हा वली पर्वत तयार झाला. उत्तर चूक नाही, पण त्यातलं ‘तयार झाला’ मला फार वर्षं खुपतं आहे. ती टक्कर साधारण ५ कोटी वर्षांपूर्वी सुरू झाली आणि तुम्ही हे वाचत असतानाही ती चालूच आहे. जिथे चालू आहे ती जागा बोट ठेवून दाखवता येते. हा धागा त्या जागेबद्दल.

मी ती जागा पहिल्यांदा पाहिली विद्यार्थी असताना, शिवालिक टेकड्यांच्या पायथ्याशी खणलेल्या एका चरात. माणसाच्या दुप्पट खोल चर, भिंती खरवडून साफ केलेल्या आणि त्यांच्यावर मीटरमीटरवर दोरे ताणून चौकटी आखलेल्या. वरून पाहिलं तर तिथे शेताच्या कडेचा एक उंचवटा, बस. आमच्या सरांनी भिंतीवरची एक तिरपी रेघ दाखवली. रेघेच्या वर नदीचे जुने गोटे होते आणि रेघेखाली त्यांच्याहून कितीतरी अलीकडची माती. जुनं वर, नवं खाली. नुसत्या साचत गेलेल्या थरांत असं होऊच शकत नाही, तिथे खालचं आधीचं आणि वरचं नंतरचं असतं. इथे डोंगराचा पाय मैदानावर चढून आला होता, तोही एका दमात, काही मीटर. मी त्या रेघेवर तळहात ठेवला. बोटं हिमालयावर होती आणि मनगट मैदानावर. तो क्षण मी अजून विसरलेलो नाही.

आता त्या रेघेमागचं गणित. धडकेआधी भारत वर्षाला १५ सेंटिमीटरहून जास्त वेगाने उत्तरेकडे येत होता. धडकेनंतर तो मंदावला. आज हा वेग ४ ते ५ सेंटिमीटर आहे. त्यातले साधारण २ सेंटिमीटर एकटा हिमालय सोसतो, उरलेले तिबेट आणि त्याच्या पलीकडचे डोंगर वाटून घेतात. पण हे २ सेंटिमीटर दरवर्षी निमूटपणे सरकत नाहीत. हिमालयाखाली मंद उताराचा एक प्रचंड भ्रंश आहे, म्हणजे खडक जिथे तुटून एकमेकांवरून सरकतात ती भेग (पाठ्यपुस्तकात प्रस्तरभंग, बोलताना आम्ही फॉल्टच म्हणतो). दक्षिणेला, शिवालिकच्या पायथ्याशी, तो जमिनीवर येतो. उत्तरेला तो उतरत उतरत उंच शिखरांखाली १५-२० किलोमीटर खोल जातो. या सुमारे १०० किलोमीटरच्या पट्ट्यात तो अडकलेला आहे. त्याहून खोलवर खडक इतके तापलेले आहेत की ते तडकत नाहीत, मऊ होऊन सरकत राहतात. म्हणजे खालचं रोज पुढे जातंय आणि वरचं जागचं हलत नाही.

पावसाळ्यात फुगून चौकटीत अडकलेलं दार आठवा. खांदा लावून ढकललं की आधी फळी वाकते, दार तसंच. मग एका क्षणी ते धाडकन सुटतं. हिमालयात फळी वाकण्याचा काळ शेकडो वर्षांचा असतो आणि सुटण्याचा एक-दोन मिनिटांचा. १०० वर्षं अडून राहिलं तर २ मीटर शिल्लक, ५०० वर्षं राहिलं तर १०.

म्हणून माझं म्हणणं असं की भूकंप हे पर्वतावर बाहेरून येणारं संकट नाही, पर्वत घडण्याची क्रियाच ती. हिमालय जेवढा उंच झाला तेवढा भूकंपांमुळेच झाला.

ज्यांनी या भागात काम केलंय, प्रवास केलाय किंवा नुसता विचार केलाय, त्या सगळ्यांनी लिहावं.


भिंगरी | शनिवार, रात्री ९:३२

दाराचं उदाहरण एकदम पटलं. वाचतेय, अजून लिहा.


अवनी | शनिवार, रात्री १०:०५

सुंदर धागा. दोन प्रश्न. पहिला, नकाशावर हिमालयात तीन समांतर भ्रंश दाखवतात: मुख्य मध्यवर्ती, मुख्य सीमा आणि अगदी दक्षिणेचा अग्रभ्रंश. तुम्ही एकच म्हणताय. दुसरा, ‘सक्रिय भ्रंश’ नेमका कशाला म्हणायचं? आज हलत नसेल तर तो सक्रिय कसा?


मोजणीदार | शनिवार, रात्री ११:२०

कातळवेडा, लेख फार आवडला, पण शेवटच्या वाक्याला माझी हरकत आहे. माझं आयुष्य जमिनीच्या उंच्या मोजण्यात गेलं, म्हणून हे सोडवत नाही.

२५ एप्रिल २०१५चा नेपाळचा भूकंप घ्या, तीव्रता ७.८. त्याआधीची आणि नंतरची उपग्रहांची रडारचित्रं आणि जमिनीवरची जीपीएस केंद्रं यांच्यामुळे काय हललं ते आपल्याला तपशीलवार कळलं. काठमांडूचं खोरं सुमारे १ मीटर वर उचललं गेलं आणि दक्षिणेकडे जवळपास २ मीटर सरकलं. आता त्याच्या उत्तरेला पाहा, जिथे बर्फाची शिखरं आहेत. तो पट्टा वर गेला नाही, खाली बसला. काही ठिकाणी अर्ध्या मीटरहून जास्त. एव्हरेस्ट भूकंपक्षेत्राच्या पूर्वेला, बाजूला राहिलं. चिनी मोजणीप्रमाणे ते ३ सेंटिमीटर नैर्ऋत्येला सरकलं आणि त्याची उंची बदलली नाही.

म्हणजे ज्याला आपण हिमालयाचा उंच भाग म्हणतो, तो त्या भूकंपाने बुटका झाला. मग ‘भूकंपांमुळेच उंच झाला’ कसं म्हणायचं?


कातळवेडा | रविवार, सकाळी ७:४५

मोजणीदार काका, हरकत पूर्ण मान्य. मी सरळ वाक्य लिहिण्याच्या ओढीत अर्धीच गोष्ट लिहिली. आता नीट लिहितो.

अडलेल्या काळात काय होतं? खालचा, खोलवरचा भाग सरकत असतो आणि वरचा अडलेला. त्यामुळे जिथे अडलेलं संपतं आणि सरकणारं सुरू होतं, बरोबर तिथे खडक दाबला जाऊन फुगतो. ही जागा उंच शिखरांच्या दक्षिण कडेखाली येते. तिथली जमीन वर्षाला काही मिलिमीटर चढते, हे नेपाळमधल्या वारंवार मोजण्यांतून दिसलं आहे. हा फुगवटा स्प्रिंगसारखा आहे. भूकंप झाला की स्प्रिंग सुटते, फुगलेला उत्तरेचा भाग बसतो आणि दक्षिणेचा उचलतो. २०१५ला काका म्हणतात तेच घडलं.

पण ही बेरीज-वजाबाकी शून्याला येत नाही. भ्रंश सगळीकडे सारख्या उताराचा नाही, शिखरांच्या पट्ट्याखाली त्यात एक तीव्र चढ आहे. त्या चढावरून जाणारा खडक प्रत्येक फेरीत थोडा वर ढकलला जातो आणि तेवढा वरच राहतो. अडणं, फुगणं, सुटणं, बसणं अशी एक फेरी पुरी झाल्यावर जे हातात उरतं, ती पर्वताची खरी वाढ. म्हणून माझं वाक्य दुरुस्त करतो: हिमालय भूकंपाच्या एका मिनिटात वाढत नाही, भूकंपाच्या पूर्ण चक्रात वाढतो. ‘हिमालय दरवर्षी अमुक मिलिमीटर वाढतो’ असं वर्तमानपत्रात वाचलं की हे आठवावं. त्या मिलिमीटरांतला बराचसा हिस्सा उसना असतो, पुढच्या भूकंपात तो परत जातो.

अवनी, तुमचे तीन भ्रंश खरे आहेत, पण ते एकाच खोडाच्या फांद्या आहेत. खोल गेलं की तिन्ही त्या एकाच मंद उताराच्या पृष्ठाला मिळतात. उत्तरेचा मध्यवर्ती भ्रंश सगळ्यात जुना, सुमारे २ कोटी वर्षांपूर्वी जोरात असलेला. मग भार दक्षिणेकडे नव्या फांदीवर गेला, मग आणखी दक्षिणेला. आज सगळ्यात जागा आहे तो शिवालिकच्या पायथ्याचा. डोंगर असा पायरीपायरीने मैदान गिळत येतो. आणि यातली मला सगळ्यात विलक्षण वाटणारी गोष्ट अशी की शिवालिकचे खडक हे हिमालयाचाच चुरा आहेत. नद्यांनी डोंगर झिजवून पायथ्याशी वाळू आणि गोटे टाकले, भ्रंशाने ते परत उचलून डोंगरात घातले.

‘सक्रिय’ची व्याख्या कामाप्रमाणे बदलते. ढोबळमानाने, गेल्या दहा-अकरा हजार वर्षांत जो हलला तो सक्रिय, असं धरतात. तो हलला की नाही हे त्या चरांतूनच कळतं. तुटलेल्या थरातला जळक्या लाकडाचा कोळसा आणि त्याच्यावरच्या न तुटलेल्या थरातला कोळसा, दोघांचं वय काढलं की भूकंप त्या दोन तारखांच्या मध्ये बसतो.


पायवाट | रविवार, सकाळी ११:१५

चराची भिंत पाहायला सगळ्यांना मिळत नाही, म्हणून मी पाहिलेली एक जागा सांगते. तैवानमध्ये, ताइचुंगजवळ वूफंग इथे. २१ सप्टेंबर १९९९च्या रात्री पावणेदोनच्या सुमारास तिथला चेलुंगपू भ्रंश सरकला, तीव्रता ७.६. सुमारे २,४०० माणसं गेली. फाटलेल्या जमिनीची रेषा ९०-१०० किलोमीटर लांब होती, आणि ती एका माध्यमिक शाळेच्या मैदानातून गेली. धावण्याच्या मार्गिकेवर आखलेल्या पांढऱ्या रेघा सरळ येतात आणि एका ठिकाणी दोन मीटरहून जास्त उंच उडी घेतात. रेघा तशाच आहेत, वर चढलेल्या. शाळेच्या पडलेल्या इमारती तशाच ठेवून तिथे संग्रहालय केलंय.

रात्रीची वेळ होती म्हणून वर्ग रिकामे होते. मी त्या वाकलेल्या खांबांसमोर उभी होते तेव्हा एवढंच मनात येत होतं की दुपारी असतं तर?

उत्तरेकडे हाच भ्रंश नदीच्या पात्रातून गेला आणि एका रात्रीत तिथे नवा धबधबा झाला. एक धरणही तुटलं. तिकडे भूपट्ट एकमेकांकडे वर्षाला सुमारे ८ सेंटिमीटर येतात, त्यामुळे डोंगर घाईत वाढतो आणि मुसळधार पावसात तितक्याच घाईत झिजतो.


भिंगरी | रविवार, दुपारी १२:४०

पायवाट ताई, वाचून काटा आला.

एक शंका. हिमालयात सारखे ४, ५ तीव्रतेचे धक्के येतात. आमच्याकडे सगळे म्हणतात, ‘बरंय, थोडी थोडी वाफ निघून जातेय.’ खरं आहे का ते?


मोजणीदार | रविवार, दुपारी १:३०

नाही. आणि हा समज लवकर पुसला जायला हवा, कारण त्याने माणूस निर्धास्त होतो.

तीव्रतेचा एक अंक वाढला की ऊर्जा सुमारे ३२ पट होते. दोन अंक वाढले की १,००० पट. ८ तीव्रतेचा एक भूकंप टाळायचा तर ६ तीव्रतेचे १,००० लागतील, किंवा ५ तीव्रतेचे सुमारे ३२,०००. तेवढे होत नाहीत. दरवर्षी साठणाऱ्या २ सेंटिमीटरांपुढे हे छोटे धक्के नगण्य आहेत. साठलेलं खरंच मोकळं होतं ते मोठ्या भूकंपातच.


सुनंदा_त | रविवार, संध्याकाळी ६:२०

लिहू की नको असा विचार दुपारपासून करतेय. २०१५च्या त्या शनिवारी मी नेपाळमध्ये, काठमांडूशेजारच्या पाटणला होते, दरबार चौकापासून दोन गल्ल्या आत. दुपारचे बारा वाजायला काही मिनिटं होती.

भूकंप म्हणजे थरथर, असं मला वाटायचं. पहिले काही क्षण तसंच होतं. मग जे सुरू झालं त्याला थरथर म्हणता येणार नाही. जमीन होडीसारखी एका बाजूला जायची, थांबल्यासारखी व्हायची, मग परत यायची. प्रत्येक झोक्याला मला पुरेसा वेळ मिळत होता, समोरचं घर वाकतंय हे बघायला. घर पडलं नाही. चौकातली शतकानुशतकं उभी असलेली देवळं पडली. विटांच्या धुळीने ऊन पिवळं झालं होतं. शेजारच्या आजी माझा दंड धरून एकच शब्द म्हणत होत्या, ‘बस, बस, बस’, नेपाळीत बस म्हणजे खाली बस. मी बसले. त्यांनी माझं डोकं स्वतःच्या मांडीवर दाबून धरलं होतं.

मोजणीदार काकांनी लिहिलं ना, काठमांडू १ मीटर वर गेलं म्हणून. ते वाचून मी बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिले. म्हणजे त्या आजी आणि मी, आम्ही दोघी हिमालय वाढत असताना त्याच्यावर बसलो होतो. हे मला आजवर कुणी असं सांगितलं नव्हतं.


कातळवेडा | रविवार, संध्याकाळी ७:००

सुनंदाताई, लिहिलंत ते फार बरं केलंत. मनापासून आभार.


स्थापत्यक | रविवार, रात्री ८:५०

सुनंदाताईंच्या अनुभवात एक फार महत्त्वाची गोष्ट आहे: सावकाश झोका, घर उभं, मनोरे आणि देवळं खाली.

काठमांडूचं खोरं म्हणजे एका प्राचीन तळ्याचा तळ. शेकडो मीटर जाडीची मऊ माती. भूकंपाची लाट त्यात शिरली की ती वाडग्यातल्या पाण्यासारखी डुचमळते. २०१५ला या खोऱ्याचा झोका साधारण ४ ते ५ सेकंदांचा नोंदला गेला. प्रत्येक इमारतीचा स्वतःचा झोका असतो. दोन-तीन मजली घराचा अर्ध्या सेकंदाच्या आसपास किंवा कमी, उंच बांधकामाचा जास्त. जमिनीचा आणि इमारतीचा झोका जुळला की नुकसान कैक पटींनी वाढतं. त्या दिवशी जमीन संथ झुलत होती, म्हणून शहरातली बुटकी घरं भीती होती त्या मानाने वाचली. धरहरा मनोरा पडला. तो १९३४लाही पडला होता.

पण खोऱ्याबाहेर, गोरखा आणि सिंधुपाल्चोकच्या गावांत, दगड आणि चिखलाची घरं होती. तिथे मातीचा वाडगा नव्हता, खडकाचे कडक हादरे होते. भिंती जागच्या जागी विस्कटल्या. नेपाळमध्ये सुमारे ९,००० माणसं गेली, त्यातली कितीतरी या अशा भिंतींखाली.

त्याच हिमालयात काश्मीरची धज्जी-दिवारी आहे: लाकडाची जाळीदार चौकट आणि त्यात भरलेले लहान दगड-विटा. ८ ऑक्टोबर २००५ला तिथे ७.६चा भूकंप झाला तेव्हा ही घरं वाकली, किरकिरली, भेगाळली, पण बरीचशी उभी राहिली. मला माझ्या क्षेत्राबद्दल एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. भ्रंश अडवता येत नाही, पण भिंत कशी बांधायची हे आपल्याला येतं. जोत्याशी, खिडकीच्या वर आणि छपराखाली आडवी पट्टी फिरवून चारही भिंती एकमेकींना बांधल्या तर तेच दगडी घर माणसाला बाहेर पडायला वेळ देतं.

आणि प्रत्यक्ष भ्रंशरेषेवर मात्र काहीच बांधू नये. हलण्याला तोंड देणारं घर बांधता येतं, पण पायाखाली ३ मीटरची पायरी उठली तर कुठलंच घर टिकत नाही. पायवाट ताईंची शाळा हेच सांगते.


उंबरठा | रविवार, रात्री १०:१५

सगळे प्रतिसाद वाचले. एक गोष्ट खटकते ती स्पष्ट लिहितो. ‘हिमालयात मोठा भूकंप व्हायची वेळ झाली आहे’ हे मी तीस वर्षं ऐकतोय. गढवाल-कुमाऊँमध्ये तर ‘भूकंपीय पोकळी’ (बराच काळ मोठा भूकंप न झालेला पट्टा) म्हणून रंगीत नकाशे दाखवतात. लोक घाबरतात, काहीच होत नाही, मग लोक ऐकणं सोडतात. वेळ झाली म्हणजे काय? पुढचा कधी हे सांगता येत नसेल तर हे बोलण्याला अर्थ काय?


कातळवेडा | सोमवार, सकाळी ६:५५

उंबरठा, प्रश्न योग्य आहे, आणि ‘वेळ झाली’ हा शब्दप्रयोग मलाही नको वाटतो. त्यात रेल्वेच्या वेळापत्रकाचा भास आहे.

काही भ्रंश थोडेफार नियमाने वागतात. न्यूझीलंडचा आल्पाइन फॉल्ट घ्या. होकुरी नावाच्या ओढ्याकाठी पाणथळीतल्या वनस्पतींचे आणि गाळाचे आलटून पालटून थर सापडले, त्यांतून ८,००० वर्षांतले २४ भूकंप मोजता आले. सरासरी सुमारे ३३० वर्षांनी एक. शेवटचा १७१७ साली. तिथले लोक या आकड्यावरून तयारी करतात, घाबरून बसत नाहीत.

हिमालय इतका नियमित नाही. १२५५च्या भूकंपात काठमांडूचा राजा अभय मल्ल गेला. १९३४ला त्याच भागात पुन्हा ८ किंवा त्याहून मोठा भूकंप झाला. या दोन्ही वेळी जमीन नेपाळच्या पायथ्याशी फाटली होती, आणि १९३४ची ती फाट शोधून त्याबद्दलचं संशोधन प्रसिद्ध व्हायला २०१३ उजाडलं. तोवर ती जमिनीवर आलीच नाही असं धरलं जात होतं. १९०५ला कांगडा, १९५०ला आसाम (८.६, जमिनीवर नोंदलेल्या सगळ्यात मोठ्या भूकंपांपैकी एक). यांच्या मधला, कांगड्यापासून पश्चिम नेपाळपर्यंतचा पट्टा घ्या. तिथे १५०५ आणि १८०३चे मोठे भूकंप कागदपत्रांत आहेत. पण त्यानंतर त्या आकाराचं काही झालेलं नाही, आणि वर्षाचे २ सेंटिमीटर काही थांबलेले नाहीत. ५०० वर्षांचे किती झाले ते वर लिहिलंच आहे.

२०१५च्या भूकंपाने नेपाळची शिल्लक संपवली असंही नाही. तो तुटत तुटत काठमांडूच्या खालपर्यंत आला आणि थांबला, पायथ्याला पोहोचलाच नाही. पायथ्याकडचा अडलेला भाग अजून अडलेलाच आहे.

म्हणून मी ‘कधी’ सांगणार नाही. ‘कुठे’ आणि ‘साधारण केवढा’ हे सांगता येतं, आणि स्थापत्यक म्हणतात तसं घर बांधायला तेवढं पुरतं. तारीख माहीत नाही म्हणून बोलायचंच नाही, हे मला पटत नाही. पायथ्याच्या त्या पट्ट्यात आणि मैदानात आज कोट्यवधी माणसं राहतात. १९०५ला कांगड्यात २०,००० गेली, तेव्हा तिथे वस्ती विरळ होती.


उंबरठा | सोमवार, सकाळी ९:३०

‘कधी नाही, कुठे आणि केवढा’ हे पटलं. असं कुणी समजावून सांगितलं नव्हतं. धन्यवाद.


गिरिजा_म | सोमवार, दुपारी २:१०

उशिरा आले. दोन गोष्टी जोडते.

एक, सगळे भ्रंश वेगाने साठवतात असं नाही आणि मंद भ्रंश सुरक्षित असतो असंही नाही. तिबेट पठाराच्या पूर्व कडेला लोंगमेनशान डोंगर आहे. जीपीएसप्रमाणे तिथे आकुंचन वर्षाला ३ मिलिमीटरहूनही कमी. त्यामुळे तिथला धोका कमी धरला गेला होता. १२ मे २००८ला तिथे ७.९चा वेंच्वान भूकंप झाला. ६९,००० हून जास्त मृत्यू, आणखी सुमारे १८,००० बेपत्ता. मंद भ्रंशाला साठवायला हजारो वर्षं लागतात, पण सुटताना तो हातचं राखत नाही.

दोन, डोंगर वाढण्याबद्दल. त्या भूकंपात हजारो दरडी कोसळल्या. काही संशोधकांनी हिशेब मांडला की कोसळलेल्या दरडींचं आकारमान भूकंपाने वर उचललेल्या खडकाच्या आकारमानापेक्षा जास्त असू शकतं. म्हणजे हा भूकंप डोंगर बांधणारा होता की पाडणारा, हाच वाद झाला. तो कोसळलेला माल नद्या वर्षानुवर्षं उपसत असतात. १९५०च्या आसाम भूकंपातही दरडींनी सुबनसिरी नदी अडवली, तो बांध काही दिवसांनी फुटला आणि खालच्या गावांवर पूर आला. भूकंप एका मिनिटाचा असला तरी डोंगराचं उतरणं नंतर कित्येक वर्षं चालतं.


मोजणीदार | सोमवार, रात्री ९:०५

गिरिजाताईंनी झिजेचा विषय काढलाच आहे, तर माझ्या क्षेत्रातली एक जुनी गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही.

एकोणिसाव्या शतकात भारताची मोठी त्रिकोणमितीय मोजणी चालू होती. हिमालयाजवळचं कलियाना आणि मध्य भारतातलं कल्याणपूर, या दोन ठाण्यांमधलं अक्षांशांचं अंतर दोन रीतींनी काढलं: जमिनीवर त्रिकोण जोडत आणि ताऱ्यांच्या वेधाने (वेध घेताना उभी दिशा ओळंब्याने ठरते). उत्तरांत ५.२३६ सेकंदांचा (कोनाच्या, वेळेच्या नव्हे) फरक आला. जमिनीवर तो सुमारे १६० मीटर होतो. एवढी चूक त्या लोकांच्या हातून होणं शक्य नव्हतं. कलकत्त्याचे पाद्री आणि गणिती जॉन प्रॅट यांनी कारण ओळखलं: हिमालय ओळंब्याला आपल्याकडे ओढतोय! मग त्यांनी हिमालयाचं वस्तुमान धरून ओढ किती असायला हवी ते काढलं, तर उत्तर आलं १५.८८५ सेकंद. हिमालय जेवढा दिसतो त्या मानाने फारच कमी ओढत होता.

१८५५ला जॉर्ज एअरी यांनी उलगडा सुचवला. डोंगराखाली हलक्या खडकाचं खोल मूळ असणार, पाण्यात तरंगणाऱ्या हिमनगासारखं. पुढे भूकंपलहरींनी तेच दाखवलं. कवचाची नेहमीची जाडी ३५-४० किलोमीटर, तिबेटखाली सुमारे ७०.

आता यातून झिजेचं समजतं. वरून दगड वाहून गेला की होडीतून ओझं उतरवल्यासारखं मूळ वर येतं. नद्या दऱ्या खोदतात, सगळ्यांचं मिळून वजन कमी होतं, आणि मधली शिखरं थोडी उचलली जातात. म्हणून डोंगराची उंची सांगताना भ्रंश, नदी आणि मूळ हे तिघेही धरावे लागतात. ओळंबा १६० मीटर चुकला म्हणून हे कळलं, याचं मला अजून अप्रूप वाटतं.


भिंगरी | सोमवार, रात्री ९:४०

ओळंब्याची गोष्ट घरी सगळ्यांना वाचून दाखवली. मुलीने विचारलं, मग एव्हरेस्टच्या टोकावर समुद्रातले शिंपले कसे?


कातळवेडा | सोमवार, रात्री १०:२०

तिला सांगा, टोकावर खरंच समुद्रतळाचा चुनखडक आहे. त्यात समुद्रलिली आणि ट्रायलोबाइट या जुन्या समुद्री प्राण्यांचे तुकडे सापडतात, ४५ कोटी वर्षांच्या आसपासचे. टक्कर झाली त्याच्या कितीतरी आधीपासून तो थर समुद्रात पडून होता. आणखी एक गंमत तिला आवडेल. तो चुनखडक खालच्या खडकांवर एका भ्रंशानेच बसला आहे, पण तो भ्रंश उलट्या जातीचा आहे. चढवणारा नाही, घसरवणारा. डोंगर फार उंच झाला की स्वतःच्या वजनाने त्याचा माथा उत्तरेकडे घसरला होता, त्याची ही खूण. ८,८४८.८६ मीटरवर उभा राहणारा माणूस घसरून आलेल्या समुद्रतळावर उभा असतो.


अवनी | पुढचा रविवार, दुपारी ४:३०

धागा वर काढतेय, कारण सांगायलाच हवं. कामासाठी डेहराडूनला आले होते, सुट्टी होती, म्हणून मोहंडच्या बाजूने शिवालिक ओलांडणाऱ्या रस्त्यावर गेले. आधी दोनदा याच रस्त्याने गेले होते, तेव्हा नुसती वळणं आणि साल वृक्ष दिसले होते.

या वेळी एका कापलेल्या कड्यापाशी थांबले. वाळूखडकाचे पट्टे सगळे कलते. थोडं पुढे गेल्यावर कड्यात गोटे. गुळगुळीत, मुठीएवढे, काही नारळाएवढे, नदीत असतात तसे. खाली ओढ्यात उतरले तर तिथेही तसेच गोटे. कड्यातले बाहेर पडून पुन्हा नदीत चाललेले. एक हातात घेतला, पांढरट, कठीण, शिरा असलेला. हा आधी वरच्या हिमालयातून नदीने आणला, मग गाडला गेला, मग भ्रंशाने उचलून डोंगरात घातला, आणि आता परत वाहायला लागला. बरोबर समजलं ना मला?


कातळवेडा | पुढचा रविवार, संध्याकाळी ५:०२

अगदी बरोबर. पांढरट आणि कठीण म्हणताय म्हणजे क्वार्टझाइट असावा, वरच्या लघुहिमालयातला. कड्यातले थर कुठल्या बाजूला कलले होते, डेहराडूनकडे की मैदानाकडे? फोटो असतील तर टाका.


अवनी | पुढचा रविवार, संध्याकाळी ५:१०

मी थांबले तिथे डेहराडूनकडे. फोटो रात्री टाकते, इथे नेटवर्क नाही नीट.